लॅपटॉप बदलला, हार्ड डिस्क तीच. मग लायसन्स पुन्हा पुन्हा का मागते?

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापड दुकानाच्या दिवाणजींचा मला फोन गेल्या उन्हाळ्यात सलग चार दिवस सकाळी साडेदहाच्या सुमारास आला आणि चारही दिवस वाक्य तेच होते : "सर, काल तर तुम्ही चालू करून देलं होतं, आज पुन्हा काहून लायसन्स मागते जी?" दुकानातल्या जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, गेला होता आणि दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जात होता, म्हणून शेठजींनी बर्डीच्या बाजारातून एक वापरलेला लॅपटॉप आणला आणि जुन्यातली हार्ड डिस्क काढून त्यात बसवून घेतली. यंत्र सुरू झाले. वॉलपेपर तेच, डेस्कटॉपवरची फोल्डरे तीच, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या कंपन्याही त्याच. त्यामुळे काम झाले असे सर्वांनी धरले. प्रत्यक्षात ते अर्धेच झाले होते.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून जुना लॅपटॉप बाजूला ठेवून नवा घेणाऱ्यांची आणि त्याबरोबर अशा फोनांची संख्या वाढली आहे. बहुतेकांची चूक एकच असते. डिस्क हलवली म्हणजे तिच्यावरचे सगळे हलले, असे ते समजतात. फायली हलतात, प्रोग्रॅमही हलतात, परंतु लायसन्स बहुतेक वेळा डिस्कवर नसतेच. ते कुठे आहे हे स्क्रू काढण्याआधी शोधले तर दहा मिनिटांचे काम दहा मिनिटांत होते. नंतर शोधायला गेले तर आठवडा जातो.

लायसन्स राहते तरी कुठे

पहिली जागा म्हणजे मदरबोर्ड. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीच्या लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजची २५ अक्षरांची की पूर्वीसारखी लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेली नसते. ती बोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डात कायम साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, भरलेली असते. त्यामुळे बोर्ड गेला की ती कीही गेली, आणि डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातली तर ती की मागेच राहिली. अशा लायसन्सला ओईएम म्हणतात आणि ते त्याच यंत्रापुरते असते. स्वतंत्र खोका किंवा की विकत घेतलेले रिटेल विंडोज मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते.

दुसरी जागा म्हणजे तुमचे खाते. मायक्रोसॉफ्ट ३६५ सारखी वर्गणीची सॉफ्टवेअरे खात्याला बांधलेली असतात आणि एका वेळी किती उपकरणांवर चालतील याची मर्यादा असते. ३६५ साठी ती पाच आहे. येथे जुन्या लॅपटॉपवरून साइन आउट करणे एवढेच काम असते, आणि ते राहून गेले तरी दुसऱ्या यंत्रावरून खात्याच्या पानावर जाऊन जुने उपकरण काढता येते. मात्र आपल्याकडे नव्या लॅपटॉपसोबत जे कायमस्वरूपी ऑफिस 'फुकट' येते, ते खात्यात दिसत असले तरी त्या लॅपटॉपपुरतेच असते. ते दुसरीकडे नेता येत नाही, आणि ही गोष्ट विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही.

तिसरी जागा सर्वांत फसवी आहे. हिशेबाची, नकाशांची, बिलिंगची अनेक सॉफ्टवेअरे ॲक्टिव्हेट होताना यंत्राचा एक ठसा घेतात : बोर्डाचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता, डिस्कचा अनुक्रमांक, यांपैकी काही किंवा सगळे. पुढे दर वेळी सुरू होताना तो ठसा जुळतो का, हे पाहिले जाते. म्हणून तीच डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये गेली की बोर्ड आणि नेटवर्क कार्ड बदलल्यामुळे लायसन्स तुटते. आणि लॅपटॉप तोच ठेवून जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर) काढली, तर डिस्कचा कारखान्यातला अनुक्रमांक बदलल्यामुळे तुटू शकते. दुसऱ्या प्रकारात माणूस जास्त गोंधळतो, कारण "काहीच बदललं नाही" अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

चौथी जागा म्हणजे यूएसबीला लावायचे डोंगल किंवा टोकन. ही जुनाट वाटणारी पद्धत लॅपटॉप बदलण्याच्या बाबतीत सर्वांत सोपी आहे : ड्रायव्हर टाका, डोंगल लावा, झाले.

विंडोजचे लायसन्स कोणत्या प्रकारचे आहे हे पाहण्यासाठी विंडोज की आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'डीएलआय' असे टंकित करावे. (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकित करायच्या आहेत, फोनवर सांगतो तशाच मी येथे लिहीत आहे.) थोड्या वेळाने उघडणाऱ्या खिडकीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसतो. घरगुती किंवा दुकानातल्या लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम' आणि 'केएमएस' हे शब्द दिसले, तर ते लायसन्स तुमचे नाही असे समजावे. ती पद्धत मोठ्या संस्थांसाठी असते, संस्थेच्या सर्व्हरशी १८० दिवसांत संपर्क झाला नाही तर ॲक्टिव्हेशन संपते, आणि दुकानदाराने "ओरिजिनल टाकून दिले" म्हणून सांगितलेले विंडोज सहा महिन्यांनी पुन्हा मागू लागते त्याचे कारण बहुधा हेच असते. त्यावर उपाय शोधण्यात वेळ घालवू नये. खरे लायसन्स घ्यावे.

जुना लॅपटॉप चालू असेल, तर स्क्रू काढण्याआधी

टॅली असेल तर सर्वांत आधी तिचे लायसन्स सरेंडर करावे, म्हणजे त्या यंत्रावरून सोडवून घ्यावे. टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून सेटिंग्ज आणि त्यात लायसन्स या ठिकाणी हा पर्याय मिळतो. इंटरनेट चालू असावे लागते आणि ज्या ई-मेलवर लायसन्स नोंदवले आहे तो व त्याचा पासवर्ड हाताशी असावा लागतो. येथेच पहिली गाडी अडते, कारण तो ई-मेल अनेकदा सात वर्षांपूर्वी टॅली बसवून देणाऱ्या माणसाचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. तसे असेल तर डिस्क हलवण्याचा विचार त्या दिवसापुरता सोडून आधी खाते आपल्या नावावर करून घ्यावे. सरेंडर झाल्यावर टॅली शैक्षणिक अवस्थेत जाते, म्हणजे महिन्यातल्या दोन-तीन ठरावीक तारखांव्यतिरिक्त नोंदी करू देत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट, सरेंडर यशस्वी झाल्याची ती खूण आहे. नव्या यंत्रावर तोच सीरियल नंबर आणि तोच ई-मेल देऊन ॲक्टिव्हेट केले की सगळे पूर्ववत होते.

डेटा हा वेगळा विषय आहे. टॅलीच्या कंपन्या साधारणपणे सी ड्राइव्हमधल्या यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या मार्गावर असतात आणि प्रत्येक कंपनीचे फोल्डर नावाने नव्हे तर आकड्याने ओळखले जाते. 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी केले म्हणजे हिशेब आले, असे समजणाऱ्याचे मार्चमध्ये काय होते हे मी पाहिलेले आहे.

अँटिव्हायरसमध्ये बहुधा 'डीॲक्टिव्हेट'चा पर्याय असतो, तो वापरावा. त्यानंतर दोन गोष्टी तपासाव्यात, ज्या लायसन्सच्या नाहीत पण त्यांच्यावाचून लायसन्सपर्यंत पोहोचताच येत नाही.

एक म्हणजे पासवर्ड. चार-चार वर्षे लोक चार आकडी पिन टाकून लॅपटॉप उघडत असतात. हा पिन त्या यंत्राच्या सुरक्षा चिपला बांधलेला असतो. डिस्क दुसऱ्या बोर्डावर गेली की विंडोज "पिन उपलब्ध नाही" असे सांगते आणि खात्याचा खरा पासवर्ड मागते. तो कोणालाही आठवत नाही. म्हणून आधीच एकदा पासवर्डने आत जाऊन पाहावे.

दुसरी म्हणजे बिटलॉकर, डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ लागते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशी डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावताच निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर सापडते, कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर कार्यालयाच्या प्रशासकाकडे असते, आणि कुठेच नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कायमचा गेला असे समजावे; कोणताही 'डेटा रिकव्हरी'वाला ती उघडू शकत नाही. जुना लॅपटॉप चालू असतानाच सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करावे आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे. डिस्क मोठी असेल तर यात तास-दोन तास जातात.

की टाकताना एक बारकावा उपयोगी पडतो. ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. म्हणून एखादा आकडा चुकला तर कोणत्या गटात चुकला हे पडदा लगेच सांगतो. महालातल्या एका वकिलांनी आपली की डायरीत व्यवस्थित लिहून ठेवली होती, परंतु देवनागरी अंकांत. त्यांचा इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा ती वाचून टाकत होता आणि तिसरा गट काही केल्या स्वीकारला जात नव्हता. समजा, गट २६१३०५ असा होता. तो मुलगा मधला देवनागरी १ इंग्रजी नऊ समजून दोन-सहा-नऊ-तीन-शून्य-पाच टाकत होता. वडिलांनी चष्मा लावून एकदा वाचून दाखवल्याबरोबर डिस्क उघडली. तेव्हापासून मी की लिहून घेताना आकडे अक्षरीही लिहायला सांगतो.

शेवटी लॅपटॉप बंद करण्याची रीत. 'शट डाउन' दाबल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून आपली अर्धी अवस्था डिस्कवर साठवून ठेवते. अशा स्थितीतली डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली तर फायली अर्धवट लिहिलेल्या सापडण्याचा किंवा डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडण्याचा धोका असतो. शिफ्ट की दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक केले की यंत्र खऱ्या अर्थाने बंद होते.

डिस्क बसते का, आणि बसली तरी सुरू होते का

जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) डिस्क ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीची असते. ७ ची जागा असलेल्या लॅपटॉपमध्ये ९.५ ची डिस्क दाबून बसवणारे महाभाग आहेत. टचपॅड वर आलेले दिसले की ते ओळखता येते. नव्या लॅपटॉपमध्ये अशा डिस्कची जागाच नसते, तेथे बबलगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी असते. तिच्यावर लिहिलेला २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. परंतु सारख्या मापाच्या दोन पट्ट्यांपैकी एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) असू शकते, आणि एनव्हीएमईपुरता जोडलेला स्लॉट साटाची पट्टी अडकवून घेतो पण ओळखत नाही. पट्टी तिरपी आत सरकवावी, खाच जुळली की ती आपोआप वर उचललेली राहते, मग हलक्या हाताने खाली दाबून तो एवढासा स्क्रू लावावा. तो स्क्रू टेबलाखाली गेला तर सापडत नाही, म्हणून मी खाली पांढरा रुमाल अंथरतो. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. तेथे हलवण्यासारखे काही नसते आणि बोर्ड जाण्याआधी घेतलेला बॅकअप हाच एक मार्ग उरतो.

फिरत्या चकतीची जुनी डिस्क असेल, तर आधी तिची तब्येत पाहावी. अशा डिस्क साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात; मे महिन्यात आपल्या खोलीतच पारा चाळिशीच्या वर असतो, तेथे बंद लॅपटॉपच्या पोटात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी, कारण कूलरची हवा थंड असते तशीच ओलीही असते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये 'रीॲलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरांचा आकडा शून्याच्या वर आणि वाढता दिसला, तर ती डिस्क कुठेही हलवू नये. तिच्यातला डेटा काढून घ्यावा आणि तिला निवृत्त करावे.

डिस्क ओळखली गेली पण विंडोज सुरू होताना निळा पडदा आला आणि त्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे आले, तर डिस्क खराब झाली असे समजून फॉरमॅट मारू नये. जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, डिस्क जोडण्याची पद्धत एएचसीआय होती आणि नव्यात ती रेड किंवा इंटेलची व्हीएमडी आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी चालूच येते. बायोसमध्ये जाऊन ती बंद केली किंवा पद्धत एएचसीआय केली की डिस्क सुरू होते. त्याच लॅपटॉपमध्ये त्याचे स्वतःचे विंडोज असलेली दुसरी डिस्कही असेल, तर मात्र ती बंद पडेल; दोघांना खूश ठेवण्याचा प्रयत्न करू नये. याउलट 'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश आला, तर डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आणि नवा लॅपटॉप फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा असण्याची शक्यता जास्त. विंडोजसोबत येणारे 'एमबीआर२जीपीटी' हे साधन हे रूपांतर डेटा न पुसता करते, परंतु बॅकअप न घेता ते चालवू नये.

सुरू झाले, पण लायसन्स टिकत नाही

आता मूळ तक्रारीकडे येऊ. कापड दुकानात प्रत्यक्षात दोन वेगळे दोष होते आणि दोन्हींना सगळे मिळून 'लायसन्स' म्हणत होते, म्हणून एक दुरुस्त केला तरी फोन येतच राहिला.

पहिला दोष विंडोजचा. जुन्या डिस्कवर विंडोज प्रो होते, आणि आणलेल्या लॅपटॉपच्या बोर्डात 'होम सिंगल लँग्वेज'ची की होती. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ही सिंगल लँग्वेज आवृत्ती फार मोठ्या प्रमाणावर असते. साधे होम, होम सिंगल लँग्वेज आणि प्रो या तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत आणि एकीची की दुसरीला ॲक्टिव्हेट करत नाही. डिस्क प्रो मागते, बोर्ड होम देतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' हे फिकट अक्षर उमटते. ०एक्ससी००४एफ२११ हा कोड आला तर त्याचा अर्थ हार्डवेअर बदलल्याचे विंडोजच्या लक्षात आले आहे. रिटेल लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' दाबून "मी नुकतेच हार्डवेअर बदलले आहे" हा पर्याय निवडावा आणि यादीतून जुने यंत्र निवडावे. ते जोडलेले नसेल, किंवा लायसन्स ओईएम असेल, तर हा मार्ग बंद आहे. वॉरंटीमध्ये अधिकृत केंद्राने बोर्ड बदलला असेल तर नव्या बोर्डात विंडोजची की भरून दिली आहे का, हे यंत्र ताब्यात घेण्यापूर्वीच विचारावे. दुकानात आम्ही शेवटी प्रोचा नाद सोडला आणि त्या लॅपटॉपचे स्वतःचे सिंगल लँग्वेज विंडोज कोऱ्या एसएसडीवर टाकले. इंटरनेट मिळताच ते काहीही न विचारता ॲक्टिव्हेट झाले. सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टंकता येणार नाही, असा एक गैरसमज आहे. मर्यादा मेनूंच्या भाषेपुरती आहे. मराठी कीबोर्ड त्यात व्यवस्थित चालतो.

दुसरा दोष मला चौथ्या दिवसापर्यंत सापडला नाही, आणि त्यात चूक माझी होती. बिलिंगचे सॉफ्टवेअर दर सकाळी लायसन्स मागे, जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नसे, आणि दुपारी बारापर्यंत सगळे आपोआप ठीक होई. मी दूरवरून जोडून घेईपर्यंत दोष गेलेला असे, म्हणून मी की पुन्हा टाकून मोकळा होत होतो. पाचव्या दिवशी दुकान उघडण्याच्या वेळी तेथे जाऊन बसलो. दिवाणजींनी मेन स्विच चढवला, लॅपटॉप सुरू केला, आणि पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तारीख दिसली ती १ जानेवारीची, तीही कित्येक वर्षांपूर्वीची. आगीच्या भीतीने रात्री दुकानाचा मेन स्विच पाडण्याची तेथे शिस्त आहे आणि ती योग्यच आहे. वापरलेल्या लॅपटॉपची फुगलेली बॅटरी विकणाऱ्याने काढून टाकली होती. आणि बोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली होती. त्यामुळे रोज रात्री यंत्राचे घड्याळ मरत होते. मुदतीच्या लायसन्सची सॉफ्टवेअरे घड्याळ मागे गेलेले पाहून मालक फसवतो आहे असे समजतात, आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे 'अजून सुरूच झालेली नाहीत' असे ब्राउझरला वाटते. इंटरनेटवरून घड्याळ जुळले की दोन्ही शांत. काही रुपयांच्या त्या बॅटरीने चार दिवसांचा प्रश्न संपला, आणि दिवाणजी म्हणाले, "एवढ्याशा शेलासाठी इतकं रामायण झालं जी!"

लायसन्स रोज नव्हे पण अधूनमधून जात असेल, तर वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' हा पर्याय चालू आहे का ते पाहावे. तो चालू असला की वेगवेगळ्या वाय-फायवर नेटवर्क कार्डाचा पत्ता वेगळा असू शकतो, आणि त्या पत्त्यावर ठसा घेणाऱ्या सॉफ्टवेअरला वाय-फाय बदलल्यावर नवेच यंत्र दिसते. यूएसबीला लावायचे लॅनचे कनेक्टर कधी लावणे, कधी काढणे यानेही तेच होते. बिटलॉकरची की दर वेळी सुरू होताना मागत असेल, तर डिस्क अजून जुन्या बोर्डाच्या चिपशीच बांधलेली आहे. एन्क्रिप्शन एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे. त्यानंतर जुनी ४८ आकडी की निरुपयोगी होते आणि नवी तयार होते, ती जपावी.

मराठी टंकलेखनाच्या कामात आणखी एक भानगड असते. श्रीलिपीसारख्या पॅकेजचे डोंगल नव्या यंत्राला लावले आणि ड्रायव्हर टाकला की पॅकेज चालते, परंतु केवळ फायली कॉपी करणाऱ्यांच्या जुन्या पत्रिका आणि दावे उघडल्यावर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. युनिकोडच्या आधीच्या त्या मजकुराला त्याचाच फाँट लागतो, आणि फाँट विंडोजच्या वेगळ्या फोल्डरात मागे राहिलेला असतो. डिजिटल सहीच्या टोकनाचेही तसेच. सही टोकनातच असते, ती कुठेही हलवावी लागत नाही. टोकनाचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठी एमसाइनर हे सही करण्याचे साधन नव्या यंत्रावर टाकावे लागते. सही दिसत नाही म्हणून पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहू नये, कारण ठरावीक वेळा चुकल्यावर टोकन स्वतःला कुलूप लावून घेते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर दुसऱ्या बनावटीच्या लॅपटॉपमध्ये विंडोजसकट डिस्क हलवूच नये. नव्या लॅपटॉपमध्ये त्याचे स्वतःचे विंडोज ठेवावे, सॉफ्टवेअर नव्याने टाकून ॲक्टिव्हेट करावे, आणि जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून फक्त डेटा काढून घ्यावा. जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना परवानगी नाही असा संदेश येतो, तेव्हा 'कंटिन्यू' दाबून थांबावे. हजारो फायली असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहते. मध्येच केबल ओढू नये.

जुनी डिस्क लगेच विकू किंवा पुसू नये. एखादे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र आणि महिन्याचे पगारपत्रक नव्या यंत्रावरून निघेपर्यंत, म्हणजे निदान दोन महिने, ती तारीख लिहून कपाटात ठेवावी. त्यानंतर विकायची झाल्यास क्विक फॉरमॅट पुरेसे नसते, त्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते; फिरत्या डिस्कला पूर्ण फॉरमॅट मारावा आणि एसएसडी असेल तर बायोसमधला किंवा तिच्या कंपनीच्या प्रोग्रॅममधला 'सिक्युअर इरेज' वापरावा. गांधीबागेतली ती डिस्क अजून दुकानाच्या गल्ल्याखाली, एका जुन्या रुमालात गुंडाळलेली आहे, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत दिवाणजींनी टॅलीचा ई-मेल आणि सीरियल नंबर इंग्रजी आकड्यांत लिहिला आहे.